वासरू आपोआप बाहेर येत नाही: घातक सवयीतून सावरताना आत्मपरीक्षण कसे करावे

बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात मोशे डोंगरावरून खाली येतो, लोकांनी मांडलेली सोन्याच्या वासराची पूजा पाहतो आणि आपला भाऊ अहरोन याला जाब विचारतो. अहरोनाचे उत्तर लक्ष देऊन वाचण्याजोगे आहे. तो आधी लोकांकडे बोट दाखवतो, हे लोक कसे आहेत ते तुला ठाऊकच आहे असे म्हणतो. मग त्यांनी सोने आणून दिले, मी ते अग्नीत टाकले आणि त्यातून हे वासरू बाहेर आले, एवढ्यावर प्रकरण मिटवतो. त्याच अध्यायाच्या चौथ्या वचनात मात्र अहरोनाने ते सोने लोकांच्या हातून घेतले आणि हत्याराने त्याला आकार दिला, असे स्पष्ट सांगितले आहे. ते हत्यार धरणारा हात त्याच्या जबानीतून नाहीसा झाला आहे.

दारू, अमली पदार्थ, जुगार, अश्लील चित्रफिती, घरच्यांवर हात टाकणे किंवा सतत खोटे बोलणे, यांपैकी कोणत्याही सवयीतून बाहेर पडू पाहणारा ख्रिस्ती माणूस जेव्हा आत्मपरीक्षणाला बसतो, तेव्हा तो या नाहीशा झालेल्या हाताचा शोध घेत असतो. अहरोनाची वाक्यरचना मराठीत फार सहज जमते. ‘काल थोडी घेतली गेली’, ‘हात उठला’, ‘पैसे संपून गेले’, ‘मोबाइल बघता बघता तीन वाजले’, ‘माझ्याकडून शब्द गेला’. या प्रत्येक वाक्यात काहीतरी घडले आहे, पण ते करणारा तिथे नाही. असलाच तर ‘माझ्याकडून’ या आडोशाला उभा आहे. म्हणून आत्मपरीक्षणाचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी नियम व्याकरणाचा आहे. कर्त्याच्या जागी ‘मी’ ठेवून वाक्य पुन्हा लिहावे: मी घेतली. मी तिला मारले. मी पगारातले पैसे जुगारात लावले. मी तीन वाजेपर्यंत तेच पाहत बसलो. हे लिहिताना हात अडखळतो, आणि नेमका कुठे अडखळतो हे पाहण्यासारखे असते.

लपण्याची दुसरी जागा याच्या अगदी उलट टोकाला आहे आणि ती भाविक माणसाला विशेष आवडते. ‘मी महापापी आहे, माझ्यात चांगले असे काहीच नाही’ हे वाक्य नम्र वाटते, प्रार्थनासभेत सर्वांसमोर उच्चारता येते, आणि त्यात एकही तपशील नसतो. ज्याने सगळेच कबूल केले त्याला नेमके काय केलेस असे कोणी विचारत नाही. सामान्य पापकबुलीला उपासनेत स्वतःचे स्थान आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु सवयीच्या मुळाशी जायचे असेल तर तिने भागत नाही. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात आपण आपले मार्ग शोधून पाहू, तपासू आणि परमेश्वराकडे परत फिरू, असे आवाहन आहे. मार्ग तपासायचा म्हणजे कोणत्या वळणावर आपण कुठे गेलो ते पाहायचे, आणि त्यासाठी वार, वेळ, जागा, माणूस आणि कृती इतके तरी हाताशी असावे लागते.

वही उघडण्यापूर्वी

आधी शरीराचा विचार करावा. दीर्घकाळ रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने ती एकाएकी बंद केली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि ते जिवावरही बेतू शकते. झोपेच्या व चिंता कमी करण्याच्या काही गोळ्यांच्या बाबतीतही हाच धोका असतो. हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पार पाडावा. हात थरथरत असताना, झोप नसताना आणि नशेचा अंमल पुरता उतरला नसताना केलेले आत्मपरीक्षण एक तर अतिशयोक्त होते किंवा पोकळ. झोप आणि जेवण ताळ्यावर आले की सुरुवात करावी. मात्र ‘मन पूर्ण शांत झाल्यावर बघू’ म्हणून ती लांबणीवरही टाकू नये, कारण न उघडलेल्या हिशेबाचा भार हे मन शांत न होण्याचे एक मोठे कारण असते.

दुसरी तयारी माणसाची. लिहून झाल्यावर हे कोणासमोर वाचायचे ते लिहिण्याआधीच ठरवावे आणि त्या व्यक्तीला तसे सांगून ठेवावे, म्हणजे परतीचा दोर कापला जातो. वही साधी असावी आणि घरातल्या कोणाच्या हाती सहज लागणार नाही अशा जागी ठेवावी. मोबाइलवर लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेकांच्या सवयीचे दुकान त्याच यंत्रात उघडे असते.

तिसरी तयारी प्रार्थनेची आहे आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्राच्या शेवटी दावीद देवाला आपली झडती घेण्याची, आपले हृदय जाणण्याची विनंती करतो. ही विनंती स्तोत्राच्या शेवटी येते, आरंभी नाही, हे ध्यानात घ्यावे. त्याआधी देवाला माझे बसणे-उठणे ठाऊक आहे, माझा शब्द जिभेवर येण्याआधीच त्याला माहीत असतो, अंधारही त्याच्यापासून मला लपवू शकत नाही, हे सगळे सांगून झालेले असते. याचा व्यवहारातला अर्थ असा की, वहीत लिहिलेल्या कोणत्याही ओळीमुळे देवाला नवी बातमी कळणार नाही. जे त्याला आधीच ठाऊक आहे आणि ज्यासह त्याने मला स्वीकारले आहे, ते मी आता स्वतःला कळू देतो आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या धाकट्या मुलाने परत निघताना बापाला सांगायचे शब्द मनाशी जुळवून ठेवले होते: मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यासमोर पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला एका मोलकऱ्यासारखे ठेवा. प्रत्यक्षात बाप तो दूर असतानाच धावत येऊन गळ्यात पडतो, आणि मुलाच्या तोंडून फक्त पहिली दोन वाक्ये निघतात. मोलकरी होण्याची अट बोलायची राहूनच जाते. वहीची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी हा उतारा आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले पहिले वचन, ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही हे, मोठ्याने वाचावे. दंड व्हायचा आहे असे वाटणारा माणूस पुरावे लपवतो.

वहीत काय लिहावे

व्यसनमुक्तीच्या कामात लेखी आत्मपरीक्षणाची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, तिचे मूळ ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या चळवळीत आहे. शेअर बाजाराशी संबंधित काम करणारे बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्याच्या अ‍ॅक्रन शहरात ती सुरू झाली आणि तिच्या बारा पायऱ्या १९३९ साली छापून आल्या. ही चळवळ कोणत्याही चर्चची नाही, पण तिच्या संस्थापकांनी ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीकडून बरेच काही घेतले होते. पापाची दुसऱ्यापाशी कबुली आणि झालेल्या नुकसानीची भरपाई हे त्यातलेच. कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक चर्चमध्ये १९९१ साली सुरू झालेल्या ‘सेलिब्रेट रिकव्हरी’ने हाच मार्ग डोंगरावरील प्रवचनातल्या धन्योद्गारांशी जोडून आठ तत्त्वांत मांडला. बारा पायऱ्यांतली चौथी पायरी स्वतःची कसून आणि न भिता नैतिक झाडाझडती घेण्याची आहे. तिच्यासाठी वापरलेला मूळ शब्द दुकानातल्या मालाच्या मोजदादीचा आहे, आणि तो मला फार योग्य वाटतो. मोजदाद करणारा दुकानदार खराब झालेल्या पोत्यावर ओरडत नाही आणि चांगले पोते पाहून नाचतही नाही; काय आहे, किती आहे, कोणत्या अवस्थेत आहे ते लिहितो. चांगला मालही मोजतो. आत्मपरीक्षणाच्या वहीतही आपल्यातल्या शाबूत राहिलेल्या गोष्टींना एक पान असावे, नाही तर हिशेब खोटा ठरतो.

सुरुवात मनातल्या अढीपासून करावी. पानावर चार उभे रकाने आखावेत. पहिल्यात ज्याच्याबद्दल राग किंवा कडवटपणा आहे त्या व्यक्तीचे किंवा संस्थेचे नाव, दुसऱ्यात तिने काय केले, तिसऱ्यात त्यामुळे माझे काय दुखावले (मान, पैसा, सुरक्षितता, प्रेमाचे नाते, पुढची स्वप्ने), आणि चौथ्यात या प्रकरणातला माझा वाटा. रकाने आडवे भरत जाऊ नयेत. पहिला रकाना पूर्ण संपवावा, मग दुसरा, असे खाली उतरावे. आडवे भरत गेल्यास पहिल्याच नावापाशी राग इतका उफाळतो की चौथ्या रकान्यापर्यंत पोचेतो लेखणी वकिलाची झालेली असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पहिल्या रकान्यात ‘थोरला भाऊ’ आहे. दुसऱ्यात: वडिलांच्या आजारपणात सगळे निर्णय त्याने एकट्याने घेतले, मला विचारलेही नाही. तिसऱ्यात: मान, घरातले माझे स्थान, वडिलांशी असलेले नाते. चौथ्यापाशी लिहिणारा बराच वेळ थांबतो आणि मग लिहितो: ‘मीही थोडा बेफिकीर होतो.’ हे अहरोनाचे वाक्य आहे. त्यातले ‘थोडा’ काढावे, ‘बेफिकीर’ हे विशेषण काढावे आणि त्या जागी घडलेली गोष्ट लिहावी: ‘त्या काळात मी तीन आठवडे घरी फिरकलो नाही. त्याने दोनदा बोलावले तेव्हा मी कामाचे खोटे कारण सांगितले. एकदा रुग्णालयात गेलो तो पिऊनच गेलो, आणि वडिलांना ते कळले.’ भावाने एकट्याने निर्णय घेतले हे आता खोटे ठरत नाही. दुसऱ्या रकान्यातली त्याची चूक तिथेच राहते. फक्त तिच्या आड उभे असलेले माझे तीन आठवडे दिसू लागतात. डोळ्यातल्या मुसळाविषयीची येशूची शिकवण मत्तयच्या सातव्या अध्यायात आहे, आणि तिथेही भावाच्या डोळ्यात कुसळ नाहीच असे म्हटलेले नाही. आपले मुसळ आधी काढ, मग तुला स्पष्ट दिसेल, असे म्हटले आहे.

चौथ्या रकान्याबद्दल एक इशारा येथेच द्यायला हवा, कारण तो न दिल्याने माणसांचे नुकसान होते. ज्याच्यावर लहानपणी अत्याचार झाला, ज्या बाईने घरात वर्षानुवर्षे मार सोसला, त्या नोंदीसमोरचा चौथा रकाना कोरा राहू द्यावा. त्या कृत्यात तिचा वाटा नाही. ‘काहीतरी तर चुकलेच असेल’ असे म्हणून तो ओढूनताणून भरायला लावणारा पाळक किंवा सहकारी धोकादायक सल्ला देत आहे. त्या जखमेचा भार हलका करण्यासाठी पुढे कोणती वाट धरली हे वेगळ्या पानावर लिहिता येते; ते पान त्या माणसाचे असते, अत्याचार करणाऱ्याचे कृत्य मात्र अत्याचार करणाऱ्याचेच राहते. अशा आठवणींना एकट्याने हात घालू नये, प्रशिक्षित समुपदेशकाची सोबत घ्यावी.

अढीनंतर भीतीची यादी करावी. ती सहसा छोटी असते, पण सवयीचे इंधन पुष्कळदा तिथेच सापडते. त्यानंतर आपण ज्यांना दुखावले त्यांची यादी, लैंगिक वर्तनाची वेगळी, आणि सवय टिकवण्यासाठी बोललेल्या खोट्याची वेगळी. शेवटची यादी बहुतेक जण विसरतात. सवय एक असते, तिच्याभोवती रचलेली खोटी कारणे शंभर असतात, आणि सवय सुटल्यावरही खोटे बोलण्याचा हात चालूच राहतो.

कृतीच्या आधीचे तास

याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात मोहाची साखळी सांगितली आहे: वासना माणसाला ओढते, ती गर्भवती होऊन पापाला जन्म देते, आणि पाप वाढून मरणाला. ही जन्माची उपमा अचूक आहे, कारण जन्मापूर्वी बराच काळ आत काही वाढत असते. बहुतेक माणसे परीक्षणात फक्त जन्माची घटका नोंदवतात. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हॅग्रियस या तपस्व्याने आपल्या विचारांवर पहारा ठेवण्याचा सल्ला दिला होता: कोणता विचार केव्हा तीव्र होतो, केव्हा ओसरतो, कोणाच्या मागून कोण येतो, हे पाहावे. वहीत हे उलट क्रमाने लिहिणे सोपे जाते.

समजा नोंद अशी आहे: ‘शुक्रवारी रात्री दहा वाजता मी मोबाइलवर जुगार खेळलो.’ आता मागे जावे. नऊ वाजता मी जेवण न करता खोलीचे दार लावून बसलो. सात वाजता पत्नीशी वाद झाला आणि तो मी मुद्दाम वाढवला, कारण वाद झाला की दार लावून बसायला निमित्त मिळते. दुपारी मी खात्यात किती पैसे जमा झाले ते तीनदा पाहिले. सकाळी मी पत्नीला सांगितले की पगार या वेळी उशिरा होणार आहे. येथे थांबावे. रात्री दहाला हरलेली लढाई सकाळच्या त्या एका वाक्यातच हरली होती, आणि तो वाद तर सोयीसाठी रचलेला देखावा होता. रात्री दहा वाजता मोहाशी झुंजण्याची प्रतिज्ञा करण्यापेक्षा पगार जमा झाल्याचे पत्नीला त्याच क्षणी सांगणे, किंवा ते खातेच तिच्या देखरेखीखाली देणे, हा उपाय शक्य कोटीतला आहे. असे चार-पाच प्रसंग मागे जाऊन लिहिले की त्यांत एकच कडी पुन्हा पुन्हा दिसू लागते. व्यसनमुक्तीच्या बैठकांत भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांची नावे वारंवार घेतली जातात ती यामुळेच. प्रत्येक साखळीत यांतला एखादा तरी सापडतो.

लाज आणि पश्चात्ताप

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल दोन प्रकारच्या दुःखांत भेद करतो: देवाच्या इच्छेनुसार होणारे दुःख पश्चात्तापाकडे आणि तारणाकडे नेते, जगाचे दुःख मरणाकडे. येशूला अटक झाली त्या एकाच रात्री त्याच्या शिष्यांपैकी पेत्राने त्याला नाकारले आणि यहूदाने त्याला धरून दिले. दोघांनाही दुःख झाले. यहूदाने तर चांदीची नाणी परत नेऊन आपण निर्दोष रक्ताशी विश्वासघात केल्याची कबुलीही दिली. पण ती कबुली त्याने ज्यांच्यापाशी दिली त्यांनी, आम्हाला त्याचे काय, असे म्हणून त्याला एकटे सोडले. पेत्र बाहेर जाऊन रडला आणि नंतर इतर शिष्यांत परत आला. वही लिहिताना आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत हे ओळखण्यासाठी मी एवढेच पाहावे म्हणतो: आजच्या लिखाणानंतर माणसांत जावेसे वाटते आहे की त्यांच्यापासून पळावेसे?

एका बैठकीत तासाभराहून अधिक लिहू नये, आणि बैठक संपवताना वही मिटून उपकारस्तुतीचे एखादे स्तोत्र म्हणावे. जीव नकोसा झाल्याचे विचार येऊ लागले तर लेखन तत्काळ थांबवावे, एकटे राहू नये, जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे. ही यादी पूर्ण करण्याची घाई देवाला नाही.

काहींची अडचण उलटी असते: त्यांचे परीक्षण संपतच नाही. मार्टिन लूथर तरुणपणी मठात असताना तासन्‌तास पापनिवेदन करीत असे, आणि एखादे पाप राहून गेले असेल या धास्तीने पुन्हा येत असे. त्याचे ज्येष्ठ मार्गदर्शक योहान फॉन श्टाउपिट्झ यांना त्याला स्वतःवरून नजर काढून ख्रिस्ताकडे पाहायला पुन्हा पुन्हा सांगावे लागले. असा स्वभाव असेल तर याद्यांची संख्या आधीच ठरवून घ्यावी, एकाच मार्गदर्शकाचे ऐकावे, आणि त्याने पुरे म्हटल्यावर वही मिटावी. ही धास्ती रोजचे जगणे अडवू लागली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवणे हा अविश्वास नव्हे.

दुसऱ्यासमोर वाचणे

दाविदाला श्रीमंत माणसाने गरिबाची एकुलती मेंढी हिसकावून घेतल्याची गोष्ट नाथान संदेष्ट्याने सांगितली तेव्हा त्याचा न्याय बिनचूक होता. तो संतापला, भरपाईसुद्धा चौपट ठरवली. ‘तो मनुष्य तूच आहेस’ हे शब्द मात्र दुसऱ्याच्या तोंडून यावे लागले. स्वतःच्या बाबतीत आपली बुद्धी शाबूत असते, फक्त ती आपल्या घराचा पत्ता चुकवते. म्हणून याकोब पाचव्या अध्यायात आपली पातके एकमेकांपाशी कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे तुम्ही बरे व्हाल, असे सांगतो, आणि बारा पायऱ्यांतली पाचवी पायरीही देव, आपण स्वतः आणि आणखी एक माणूस या तिघांपाशी कबुली देण्याची आहे.

कॅथॉलिक वाचकासाठी प्रायश्चित्ताचा संस्कार आहेच, आणि तिथे ऐकलेले धर्मगुरू कोणत्याही परिस्थितीत उघड करू शकत नाही. तरीही वही मोठी असेल तर नेहमीच्या रांगेत उभे न राहता वेगळी वेळ मागून घ्यावी. इतर मंडळींत पाळक, मंडळीचा वडील (एल्डर) किंवा त्याच वाटेवरून काही वर्षे पुढे गेलेला सहकारी चालतो. जॉन वेस्ली यांनी १७३८ साली छोट्या गटांसाठी नियम लिहिले. त्या गटांत पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या बसत, आणि गेल्या भेटीनंतर कोणते पाप केले, कोणता मोह आला, त्यातून कसे सुटलात, असे प्रश्न प्रत्येक भेटीत विचारले जात. ऐकणारा आपल्याच लिंगाचा असावा हा त्यांचा संकेत आजही शहाणपणाचा आहे.

माणूस निवडताना त्याची जीभ पाहावी. तो दुसऱ्यांची गुपिते आपल्याला सांगत असेल तर आपले गुपितही कोणाला तरी सांगेल. ऐकून हादरणारा नको आणि ‘जाऊ दे, एवढे काही नाही’ म्हणणाराही नको. पती किंवा पत्नीला पहिला श्रोता करू नये. त्यांना सत्य कळण्याचा हक्क आहे, पण ज्याला त्या सत्याने जखम होणार आहे त्याच्याकडूनच त्याच क्षणी आधाराची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. मुलांना तर कधीच नको. संस्काराबाहेर, इतर कोणासमोर वाचण्याआधी गुप्ततेची मर्यादा विचारून घ्यावी: एखाद्या मुलाला आजही धोका असेल, तर ऐकणाऱ्याने गप्प बसता कामा नये, आणि बसू नये हेच योग्य आहे.

वाचनासाठी दोन-तीन तास मोकळे ठेवावेत आणि आठवून सांगण्याऐवजी लिहिलेले वाचावे. सांगताना अहरोन परत येतो. एक जुनी युक्ती येथे कामी येते. वही भरताना जी गोष्ट वगळायची असे मनाने ठरवले होते, ती सर्वप्रथम वाचावी. पुढचे सगळे सोपे जाते. ऐकणाऱ्याने मध्ये उपदेश करू नये. अधूनमधून ‘तेव्हा तू काय केलेस?’ एवढे विचारले तरी पुरे. शेवटी त्याने योहानाच्या पहिल्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे नववे वचन, आपण पापे कबूल केली तर देव विश्वासू व न्यायी असल्यामुळे क्षमा करील हे, वाचणाऱ्याचे नाव घेऊन म्हणावे.

मग भरपाई. जक्कय या जकातदाराने ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे ठरवले, आणि वेदीपाशी आलेल्या माणसाला भावाशी समेट करायला परत पाठवणारे येशूचे शब्द मत्तयच्या पाचव्या अध्यायात आहेत. ज्यांना दुखावले त्यांच्या यादीवरून कोणापाशी केव्हा जायचे ते मार्गदर्शकासोबत ठरवावे. कर्जाची परतफेड लवकर सुरू करावी. ज्या भेटीने समोरच्याचे आणखी नुकसान होईल, किंवा ज्याला आपले तोंडही पाहायचे नाही, तिथे जाऊ नये. आपले मन हलके करण्याची किंमत त्याच्याकडून वसूल करू नये.

रोजचा हिशेब

मोठी झाडाझडती एकदा होते, त्यानंतर रोजची छोटी चालू ठेवावी लागते. इग्नेशियस लोयोला यांच्या ज्या आध्यात्मिक साधनांना १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली, त्यांत यासाठी पाच पावले दिली आहेत: दिवसाबद्दल आभार मानणे, पाप ओळखण्यासाठी प्रकाश मागणे, दिवस तासातासाने पाहणे, क्षमा मागणे, आणि उद्यासाठी निश्चय करणे. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. आभाराचे पाऊल गाळू नये. ते गाळले की तिसऱ्या पावलाला मन सरकारी तपासनिसासारखे कोरडे होते.

याखेरीज त्यांनी एकाच दोषावर लक्ष ठेवण्याची आणखी एक पद्धत सांगितली आहे, आणि सवयीशी झुंजणाऱ्याला ती जास्त उपयोगी पडते. सकाळी उठताच तो दोष टाळण्याचा निश्चय करावा. दिवसात घसरल्यास त्या क्षणी, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा रीतीने, छातीवर हात ठेवावा. दुपारी आणि रात्री, त्या-त्या वेळेपर्यंत जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके त्या दिवसासाठी आखलेल्या दोन रेषांवर काढावेत, आणि एका दिवसाची दुसऱ्याशी, एका आठवड्याची दुसऱ्याशी तुलना करावी. ‘हल्ली बरे चालले आहे’ आणि ‘काहीच फरक पडत नाही’ या दोन्ही भासांना ठिपके खोटे पाडतात. दोष निवडताना मूळ सवयीऐवजी तिच्या आधीची कडी निवडावी. वरच्या उदाहरणातल्या माणसाने जुगारापेक्षा पैशांबद्दलच्या खोट्याचे ठिपके काढावेत.

आणि पुन्हा घसरण झालीच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी, ‘मी संपलो’ असे काही लिहिण्याआधी, वहीत नेहमीसारखीच नोंद करावी: किती वाजता, कुठे, मी काय केले, त्याआधीच्या तासात काय, त्याच्याही आधी काय. मग ज्याच्यासमोर वही वाचली होती त्याला दुपारच्या आत फोन करून ती नोंद वाचून दाखवावी. आठवड्याच्या पानावर त्या दिवसाचा ठिपका काढावा, आणि त्याच्या आधीचे कोरे दिवस खोडू नयेत.